ऐनवेळचा विषय

२२ सप्टेंबर

अंबाजोगाईच्या डॉक्टरने आज दंडावरचा पट्टा सोडता सोडता सांगितलं, ओरडणं बंद करा. राग आला की वहीत लिहून काढा. मी म्हटलं, डॉक्टर, मी सहकारी साखर कारखान्याचा चेअरमन आहे, मी ओरडायचा थांबलो तर गव्हाणीत ऊसच पडणार नाही. तो हसला आणि गोळ्या वाढवल्या. घरी कारखान्याच्या डायऱ्यांचा गठ्ठा पडलेलाच होता. पहिल्या पानावर माझा हात जोडलेला फोटो आहे. त्यातली एक घेतली.

तर राग. पहिला पावसावर. आख्खा ऑगस्ट कोरडा घालवला मेल्याने. सोयाबीन शेंगा न भरताच पिवळी पडली. दुसरा राग लोकांच्या तोंडांवर. जिथं जावं तिथं एकच, "दादा, तलावाचं कसं?" अरे, तलाव काय मी फोडला? बनाचा तलाव निम्मासुद्धा भरला नाही हे मला दिसत नाही का? आमची कवठाळी आणि खालची गावं त्यावरच पाणी पितात हे मला ठाऊक नाही का? पण यंदा आपली डिस्टिलरी सुरू होतेय, उसाच्या रसातून थेट इथेनॉल निघणार, ते पेट्रोलमध्ये मिसळणार, आपला ऊस देशाच्या गाड्या चालवणार, याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. पाच वर्षं त्या डिस्टिलरीमागे चपला झिजवल्या. दिल्लीवालेच म्हणाले होते, साखर उदंड झाली, इथेनॉल करा, देशाकडे तेल नाही. केलं. आता लोक विचारतात, तलावाचं कसं.

लिहून राग कमी झाला नाही. डॉक्टर बदलावा.

२७ सप्टेंबर

वार्षिक सर्वसाधारण सभा पार पडली. पुण्याच्या बँकेचा एक पाहुणा शेजारी बसला होता, तो आमची सभा बघून चक्रावलाच. आपला सचिव गहिनीनाथ माइकवर "विषय क्रमांक तीन" म्हणतो, की मांडवातून गर्जना येते, "मंजूर! मंजूर!" विषय काय आहे ते तो नंतर वाचतो, आणि ते कोणी ऐकत नाही, कारण तोवर चौथ्याची तयारी चाललेली असते. शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" म्हटलं की लोक चपला शोधायला उठतात. पाहुणा म्हणाला, लोक ऐकून का घेत नाहीत? मी म्हटलं, साहेब, याला विश्वास म्हणतात. आमच्या वडिलांच्या काळापासून असंच चाललंय.

नववा विषय महत्त्वाचा होता. डिस्टिलरीसाठी बनाच्या तलावातून पाणी उचलणे. सरकारी परवानगी आधीच आणलेली होती, सभेचा ठराव तेवढा जोडायचा होता. "विषय क्रमांक नऊ—" "मंजूर!" झालं.

तेवढ्यात मांडवाच्या मागच्या बाजूला आसाराम उठला. हा मेंढ्या राखतो. वर्षातून एकदा आमच्या रानात मेंढ्या बसवतो, आम्ही लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घालतो, त्याच्या बापापासूनची रीत आहे. म्हणाला, "मालक, नऊ नंबरचं फिरून वाचा की. पान्याचं कायतरी व्हतं." मी माइकवरून सांगितलं, आसाराम, तू सभासद नाहीस, खाली बस. लोक हसले. तोही बसला.

मग मी बोललो. आज बरं बोललो. म्हटलं, या देशाच्या पोटात सगळं आहे, तेल तेवढं नाही. जवळजवळ सगळं जहाजातून आणावं लागतं. तिकडे कुठल्या तरी दोन देशांची भांडणं लागली की इकडे घाटनांदूरच्या पोराच्या मोटारसायकलीला महाग पडतं. किती दिवस दुसऱ्याच्या दारात डबा घेऊन उभं राहायचं? आपला ऊस हीच आपली तेलविहीर! टाळ्या पडल्या. पाहुण्यानेही वाजवल्या.

१९ ऑक्टोबर

आसाराम सकाळी ओट्यावर येऊन बसला. चहा दिला. बराच वेळ मेंढ्यांचं, जावयाचं बोलत राहिला. मग मुद्द्यावर आला.

"मालक, साखर करा की. साखरेला कोन न्हाई म्हनतंय? त्याला तर तळ्याचं पानी लई लागत बी न्हाई."

हे खरं आहे. ऊस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. साखर करताना ते पाणी उसातूनच निघतं. डिस्टिलरीला मात्र बाहेरचं स्वच्छ पाणी लागतं. पण ही गोष्ट मेंढक्याने मला शिकवावी?

"आन हे तुमचं दुसरं यंत्र सुरू झालं तर तळं संक्रांतीपतुर आटतंय बघा," तो म्हणाला. "फुडं उनाळा हाय. मान्सं टँकरचं पितील. जित्राबाला कोन टँकर देतं?"

मी म्हटलं, आसाराम, हा देशाचा प्रश्न आहे.

"व्हय जी," तो म्हणाला. "पर देशाला ह्येच तळं कावून लागतं?"

तळपायाची आग मस्तकात गेली, पण डॉक्टर आठवला म्हणून आत निघून गेलो. आत मुक्ता भाकरी थापत होती. माझी बायको. चाळीस वर्षांत तिने कारखान्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तव्याकडे बघतच म्हणाली, "परळीच्या वीजघराला कोळसा काय कमी व्हता का? रेल्वेनं कुठून कुठून यायचा. मागच्या मोठ्या दुष्काळात पानी संपलं आन वीज बंद पडली. तवा तुमीच इथं बसून बोंबलत व्हतात की, कोळसा आनला पर पान्याचा इचार केला न्हाई म्हनून."

मी म्हटलं, ते सरकारचं होतं. हे आपलं आहे, सहकारी आहे.

"म्हनजे पानी लागत न्हाई का?"

बायकांशी राष्ट्रीय धोरणावर बोलू नये. भाकरी न खाता उठलो. दुपारी कँटीनमध्ये वडापाव खाल्ला, त्याने जळजळ झाली, ती वेगळीच.

४ नोव्हेंबर

मोळी पडली. गळीत सुरू. दुष्काळी तालुक्यांच्या यादीत आपलं नाव आलं आहे, त्याचं कोणाला सुखदुःख नाही, जाहीर होतं आणि विसरलं जातं.

२१ नोव्हेंबर

आज पहिला टँकर बाहेर पडला. इथेनॉलचा. हार घातला, नारळ फोडला. टँकर फाटकातून वळला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. याच माळावर माझे वडील जनावरं चारायचे. त्या माळावरून देशाचं इंधन निघालं.

घरी येऊन मुक्ताला सांगितलं. ती म्हणाली, तळं पायरीच्या खाली गेलंय. मी म्हटलं, आज तरी दुसरं बोल. तिने साखर आणून माझ्या हातावर ठेवली. तिची एक गोष्ट आहे, शब्द थांबवायचे कुठे ते तिला कळतं. आज तरी थांबली.

८ डिसेंबर

हरामखोर. दुसरा शब्द नाही.

दिल्लीतून काल फर्मान निघालं. उसाच्या रसापासून इथेनॉल करायचं नाही. ताबडतोब. का, तर पाऊस कमी झाला, ऊस कमी, साखर कमी पडेल, साखर महाग झाली तर शहरातले लोक मतं देणार नाहीत. हे शेवटचं त्यांनी लिहिलेलं नाही, मी लिहितो. आंबवण्याच्या टाक्या रसाने भरलेल्या आहेत. त्यातली साखर आता परत काढता येत नाही. तो रस काय माझ्या डोक्यावर ओतू?

कालपर्यंत आम्ही देशाचे ऊर्जादाते. आज एका कागदाने चोर झालो. एका माणसाने फोन केला नाही. कारखाना चालवणाऱ्याला विचारायचं नाही, ऊस लावणाऱ्याला विचारायचं नाही, वरून ठरवायचं आणि खाली ढकलून द्यायचं! आम्ही काय दगड आहोत? ज्याच्या दारात संकट येणार आहे त्याला आधी दोन शब्द विचारावेत एवढी साधी माणुसकी कोणाकडे नसावी?

संध्याकाळी पाचला तलावावरचा पंप बंद केला. डिस्टिलरीच बंद, पाणी कशाला हवं.

१० डिसेंबर

गावात फिरून आलो. मला वाटलं होतं लोक पेटून उठले असतील. पारावर मंडळी तंबाखू मळत बसलेली. एकाने तर "बरं झालं दादा" म्हणून जीभ चावली. काय बरं झालं? म्हणाला, "न्हाई, तुमाला जरा इसावा भेटला." तलावाकडून बायका घागरी घेऊन येत होत्या, हसत, खिदळत. त्यात आसारामची बायको कडूबाई होती आणि तिच्या बरोबरीने आमची मुक्ता. घरात बोअर असताना ही तलावावर कशाला जाते? म्हणाली, बोलायला.

कारखान्याला टाळं लागायची वेळ आली आणि माझी माणसं खिदळतात. यांच्यासाठी मी जीव काढतो.

१३ डिसेंबर, दिल्ली

तीन कारखान्यांचे चेअरमन मिळून आलो. दोन दिवस एका बाकावर बसवून ठेवलं. चहासुद्धा स्वतःच्या पैशाचा. शेवटी एका साहेबाने आत घेतलं, आमच्या मुलाच्या वयाचा. हिंदीत समजावून सांगू लागला, की आधी लोकांच्या चहात साखर, मग गाडीत इथेनॉल. मी म्हटलं, साहेब, सहा महिन्यांपूर्वी तेल हे राष्ट्रहित होतं. आता साखर राष्ट्रहित झाली. तुमचं राष्ट्रहित दर मोसमाला कूस बदलतं आणि चिरडले जातो आम्ही.

तो म्हणाला, आपलं म्हणणं रास्त आहे, पण एका जिल्ह्याला विचारून देशाचं धोरण ठरवता येत नाही.

मी जागचा उठलो. मराठीत जे बोललो ते त्याला कळलं नाही, पण दारातल्या शिपायाला कळलं, तो नांदेडचा होता. त्याने जिन्यापर्यंत येऊन माझा हात दाबला. दिल्लीत तेवढाच एक माणूस भेटला.

१६ डिसेंबर

फर्मान थोडं ढिलं केलं म्हणतात. मर्यादित प्रमाणात रस वापरता येईल, कोणत्या कारखान्याला किती ते मागाहून कळवणार. म्हणजे पुन्हा हात पसरा. पसरणार नाही. विशेष सर्वसाधारण सभा बोलावतो. हजारो सभासदांनी एका आवाजात निषेध केला की दिल्लीच्या कानाला दडे बसले पाहिजेत. धोंडीराम, आमचा व्हाइस चेअरमन, म्हणतो थोडं थांबू, वातावरण बघू. हा जन्मभर वातावरणच बघत आलाय.

२० डिसेंबर

सभा! असली सभा गेल्या दहा वर्षांत झाली नाही. मांडव तुडुंब. बायका एवढ्या, की सतरंज्या पुरल्या नाहीत. कडूबाईसुद्धा मांडवाच्या कडेला उभी होती, आणि आश्चर्य म्हणजे मुक्ता आली होती. आजवर कधी सभेला फिरकली नाही. मी स्वयंसेवकाला सांगून तिला पुढे खुर्ची दिली. म्हटलं, बघू दे तिलाही नवऱ्याचं काम.

मी पाऊण तास बोललो. विचारलं, या देशात ज्याचं मरण त्याला विचारायची पद्धत आहे की नाही? मांडव म्हणाला, न्हाई! मी विचारलं, वर बसलेल्यांनी आपल्यावर निर्णय लादायचे आणि आपण गप बसायचं का? मांडव म्हणाला, न्हाई! पुढच्या रांगेत मुक्ताने मान हलवली. ते बघून बरं वाटलं.

निषेधाचा ठराव मंजूर. पूर्ण कोटा मिळावा, हा ठराव मंजूर. एवढ्यात पुण्याच्या साखर आयुक्तालयातून फोन आला, कोट्याच्या यादीत आपलं नाव आहे की काय याबद्दल. मी एका कानात बोट घालून ऐकत होतो. गहिनीनाथ वाकून म्हणाला, "दादा, ऐनवेळचा एक विषय आलाय, घ्यायचा का?" मी हात हलवला, घे. त्याने काय वाचलं ते फोनमुळे ऐकू आलं नाही. पण "मंजूर!" अशी काही गर्जना झाली, की फोनवरचा माणूसही दचकला. मीही माइकवर मंजूर म्हणून टाकलं. बायका उठून टाळ्या वाजवत होत्या. एवढ्या टाळ्या माझ्या भाषणालाही नव्हत्या. लोकांना राष्ट्रीय प्रश्न समजायला लागलाय, उशिरा का होईना.

२३ डिसेंबर

गहिनीनाथ सकाळी आला आणि उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना. मी म्हटलं, कोण मेलं?

"दादा, त्या दिवशीचा ऐनवेळचा विषय. तुमाला वाटलं आसंल कायतरी अभिनंदनाचा हाय."

"मग कशाचा होता?"

"बनाच्या तळ्यातून डिस्टिलरीला पानी उचलायचा ठराव रद्द करावा. पाऊस पडेस्तवर तळं पिन्याला आन जनावराला राखावं." तो जमिनीकडे बघत होता. "एकमतानं मंजूर झालाय, दादा. तुमी बी म्हनलात."

मी ओरडलो. किती ओरडलो ते लिहीत नाही, खिडकीवरचे पारवे उडाले. मग डोकं चालवलं. म्हटलं, वेड्या, हा त्या आसारामचा उद्योग आहे. तो सभासद नाही. सभासद नसलेल्याने मांडलेला विषय बाद. खोड.

"आसाराम न्हाई, दादा. मांडनाऱ्याचं नाव..." आणि तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागला.

दारात मुक्ता उभी होती. हाताला पीठ.

ती सभासद आहे हे मी विसरलो होतो. मागच्या निवडणुकीआधी घरातली मतं वाढावीत म्हणून मीच ओढ्याकाठचं चार एकर उसाचं रान तिच्या नावावर केलं आणि शेअर घेऊन दिला. तिच्या मताचा शिक्काही आजवर मीच सांगेन तिथे पडला.

गहिनीनाथ गेल्यावर मी म्हटलं, भर सभेत नवऱ्याच्या विरोधात?

"इरोधात कुठं?" ती म्हणाली. "तुमी पाऊन तास तेच तर सांगत व्हतात. ज्याचं मरन त्याला इचारावं म्हनून. मला पटलं."

"मी दिल्लीबद्दल बोलत होतो!"

"आमाला दिल्ली कुठं दिसती? आमाला तुमीच दिसता."

आतापर्यंत हिच्यावर कधी हात उचलला नाही, आजही नाही उचलला, पण पाण्याचा तांब्या अंगणात भिरकावला. ती गेली, तांब्या उचलून आणला, चेपला होता तो नखाने चाचपला आणि फळीवर ठेवला.

मला अपमान वाटला. साध्या शब्दांत लिहितो. शत्रूने केला असता तर लढलो असतो.

२८ डिसेंबर

कोटा आला! पूर्ण नाही, पण डिस्टिलरी मोसमभर चालेल एवढा. दिल्लीच्या छातीवर नाचून आणलेला कोटा आहे. संचालक मंडळात पेढे वाटले. धोंडीराम म्हणाला, त्या ठरावाचं काय? मी म्हटलं, कोणता ठराव? सगळे हसले. गहिनीनाथ हसला नाही.

२९ डिसेंबर

तलावावरच्या पंपघरात गेलो. पंप चालवणारा भारत, आपल्याच गावचा, मीच नोकरीला लावलेला. म्हटलं, चालू कर.

"सभेनं बंद करायला सांगितलंय, दादा."

"सभा मी भरवली होती."

"व्हय. पर बंद करा म्हनलेत सगळे." हात मागे बांधून उभा राहिला. "मी बी मांडवात व्हतो. मी बी मंजूर म्हनलेलो."

"अरे, तुला काय मंजूर केलंस ते कळलं तरी होतं का?"

"ह्या येळी कळलं व्हतं," तो म्हणाला.

मी त्याला बाजूला सारला आणि बटण दाबलं. पंप घरघरला, पाइप थरथरला, पाणी चढलं. बाहेर आलो. तलावात मधोमध पाणी, भोवती भेगाळलेला गाळ. आसारामच्या मेंढ्या गाळात गुडघाभर रुतून पीत होत्या. तो एकेक मेंढी कमरेला धरून बाहेर ओढत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, राम राम केला. एवढंच.

३ जानेवारी

डिस्टिलरी जोरात. कोणी विचारायला आलं नाही. ना मोर्चा, ना निवेदन. मला वाटलं होतं चार पोरं फाटकावर येतील, मग त्यांना आत बोलावून चहा पाजून देशाची तेलाची अडचण समजावून सांगता येईल. मुद्दे काढून ठेवले होते. कोणीच नाही. पारावरून गेलो तर सगळे उभे राहिले, "राम राम दादा," आणि गप्प. यांना राग तरी येतो की नाही?

मुक्ता वेळेवर जेवायला वाढते. पोळी हवी का, एवढं विचारते. मी नाही म्हटलं तरी वाढते.

६ जानेवारी

उसाच्या गाड्या कमी झाल्या. काल निम्म्या, आज पाच-सहा. तोडणीवाल्याला झापलं तर म्हणतो, उसाचा फड दाखवायला शेतकरीच येत नाही. एकाच्या घरी फोन केला, तो म्हणाला चुलत्याचं तेरावं आहे. दुसऱ्याची बैलगाडी मोडली. तिसऱ्याचा पाय. अख्ख्या कवठाळीवर आणि खालच्या गावांवर एका आठवड्यात ही कसली साडेसाती आली?

८ जानेवारी

गव्हाण रिकामी. बॉयलर थंड करावा लागला. फाटकावरच्या फळ्यावर पोराने खडूने लिहिलं, "ऊस नसल्यामुळे गाळप बंद". चेअरमन झाल्यापासून हे शब्द मी त्या फळ्यावर पाहिले नव्हते. आता कळतंय. ऊस तोडताहेत, पण कारखान्याला नाही. कुट्टी करून जनावरांना घालताहेत. बैलाला, वासराला, पाहुण्याच्या म्हशीला. देशाचं इंधन म्हशी खातात! एकाने तोंड उघडून भांडण केलं असतं तर मी तोंड दिलं असतं. हे कसलं भांडण, ज्यात समोर कोणी उभंच राहत नाही?

धोंडीराम म्हणाला, दादा, निदान तुमचा स्वतःचा ऊस आणा, म्हणजे लोकांना लाज वाटेल. बरोबर बोलला. उद्या ओढ्याकाठचा फड तोडायला लावतो. बॉयलर पुन्हा पेटवू.

९ जानेवारी

तोडणीची टोळी घेऊन सकाळी ओढ्याकाठी गेलो. लांबूनच आवाज आला. असंख्य दातांचा, चरचर चरचर.

कुंपणाच्या काट्या काढून बाजूला रचलेल्या. आत मेंढ्या. पाचट, शेंड्याचं वाढं, जे मिळेल ते ओरबाडताहेत. त्यामागे गावातली गुरं, हाडं मोजून घ्यावीत अशी. कडूबाई आणि आणखी चार बायका कोयत्याने ऊस खाली पाडून तुकडे करताहेत. आसाराम बांधावर उभा, मला बघून काठी खाली ठेवली, पण हलला नाही. आणि मुक्ता फडाच्या मधोमध, पदर खोचून, डोक्याला फडकं बांधून.

मी ओरडलो. हा ऊस कारखान्याचा आहे, नोंद झालेली आहे, याला कोटा आलाय, याच्यावर दिल्लीची सही आहे! कोणी थांबलं नाही. टोळीतली माणसं माझ्या मागे उभी होती, त्यांनी कोयते म्यानात घातल्यासारखे काखेत धरले आणि बांधावर बसली.

मी म्हटलं, मुक्ता, बाहेर हो.

ती म्हणाली, "तुमी तळ्यावरचं यंत्र बंद करा, मी बाहेर होते."

"हे सगळं कोणाला विचारून केलंस?"

तिने घाम पुसला. रागावलेली नव्हती, दमलेली होती. "कुनालाच न्हाई," म्हणाली. "तुमच्याकडनंच शिकले."

हातात फोन होता. चौकीवर लावला. जमादार ओळखीचा, माझ्याच शिफारशीने इथे बदलून आलेला. म्हटलं, ताबडतोब माणसं पाठव, उभ्या उसात जनावरं घातलीत, गुन्हा नोंदव.

"लगेच पाठवतो, दादा," तो म्हणाला. "शेत कोणाच्या नावावर आहे?"

मी सांगितलं.

"वहिनींच्या? मग तक्रार त्यांची लागेल. त्या आहेत का तिथं?"

"आहे."

"काय करताहेत?"

"जनावरं हाकतेय."

"बाहेर?"

"नाही," मी म्हटलं. "आत."

मग तो अदबीने म्हणाला, "दादा, मी फोन ठेवू का?"